अब्राहम लिंकन : गुलामांच्या मुक्तीचा लांबचा रस्ता



आपल्या मुलाबाळांना अब्राहम लिंकन हे नाव ठाऊक असते ते बहुधा एका पत्रामुळे. लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र सांगितले जाते, ते कवी वसंत बापट यांनी मराठीत आणले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर ते चौकटीत जाऊन बसले. पत्र चांगलेच आहे. त्यातला उपदेशही घेण्यासारखा आहे. पण लिंकनच्या हातची पत्रे, भाषणे, टिपणे अभ्यासकांनी खंडच्या खंड छापून काढली, त्यांत हे पत्र नाही. ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा मिळत नाही. आणि केवळ परंपरेने चालत आले म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

मग खरा लिंकन कोण होता? लाकूडतोड्याचा पोर राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने गुलाम सोडवले, एवढ्या दोन ओळींत त्याचे चरित्र सांगून आपण मोकळे होतो. खरी हकीकत याहून अवघड आहे. त्यात चुका आहेत, माघार आहे, उशीर आहे. पण म्हणूनच ती आपल्याला जास्त उपयोगाची आहे.

ओंडक्यांच्या खोपटातले बालपण

अब्राहमचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, हॉजनव्हिल गावाजवळ झाला. घर म्हणजे लाकडाचे ओंडके रचून केलेली एक खोली. बाप थॉमस लिंकन शेतकरी आणि सुतार. आई नॅन्सी हँक्स. सारा ही थोरली बहीण, आणि एक धाकटा भाऊ होता तो तान्हेपणीच गेला.

केंटकीत गुलामगिरी चालू होती. तिथे जमिनीच्या मालकीचे तंटेही फार. एक तर जमिनीचा भरवसा नाही आणि दुसरे म्हणजे गुलामांच्या फुकटच्या मेहनतीपुढे गरीब शेतकऱ्याचा टिकाव लागेना. या दोन्ही कारणांनी थॉमसने १८१६ साली बिऱ्हाड उचलले आणि तो इंडियाना राज्यात गेला. तिथे गुलामगिरीला बंदी होती. घनदाट जंगल तोडून त्यांनी शेत काढले. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात तेव्हा जी कुऱ्हाड आली, ती पुढे कितीतरी वर्षे सुटली नाही.

१८१८ च्या ऑक्टोबरात आई गेली. जंगलातली एक विषारी वनस्पती गाईंच्या खाण्यात येई आणि त्यांचे दूध विषारी होई. त्या दुधाने माणसे मरत. त्या साथीत नॅन्सी गेली तेव्हा अब्राहम नऊ वर्षांचा होता. बापाने घरीच लाकूड कापून शवपेटी केली. वर्षभराने बापाने सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशी लग्न केले. सावत्र आई म्हटले की आपल्या मनात जे येते त्याच्या अगदी उलट ही बाई निघाली. तिने त्या उघड्यावाघड्या पोरांना माया दिली आणि अब्राहमच्या वाचनाला आडकाठी येऊ दिली नाही. लिंकन यांनी जन्मभर तिचे उपकार मानले.

शाळा म्हणाल तर सगळी मिळून एक वर्षसुद्धा भरली नाही. थोडे दिवस शाळा, मग कामाची हाक, असे चालले. पण पोराला वाचनाचे वेड लागले होते. इसापच्या गोष्टी, रॉबिन्सन क्रूसो, जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र अशी जी मिळतील ती पुस्तके मैलच्या मैल चालून तो मागून आणी. वॉशिंग्टनचे चरित्र असेच उसने आणलेले. ते पावसात भिजून खराब झाले. भरपाईला पैसे नव्हते, तेव्हा त्याने पुस्तकाच्या मालकाच्या शेतात राबून किंमत फेडली. बापाला हे वाचन म्हणजे कामचुकारपणा वाटे. बाप त्याला लोकांच्या शेतावर मजुरीला धाडी आणि मिळालेली मजुरी स्वतःकडे घेई. एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत मुलाच्या कमाईवर बापाचा हक्क, असा तेव्हाचा कायदाच होता. आपल्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो म्हणजे काय, हे लिंकन तिथे शिकला. ज्याचे श्रम त्यालाच फळ, हा विचार पुढे त्यांच्या भाषणांत वारंवार येतो.

दुकान बुडाले, कर्ज राहिले

१८२८ आणि १८३१ अशा दोन वेळा लिंकनने सपाट तळाच्या होडीतून माल घेऊन मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्स गाठले. त्या शहरात माणसांचा बाजार भरत असे. १८३० साली घराने पुन्हा मुक्काम हलवून इलिनॉय राज्य धरले होते. पुढच्या वर्षी लिंकन बापाच्या घरातून बाहेर पडला आणि न्यू सेलम नावाच्या छोट्या वस्तीत राहू लागला. सहा फूट चार इंच उंची, हातपाय लांबलचक, अंगावर तोकडे कपडे आणि तोंडात कायम एखादी गमतीची गोष्ट. लोकांना हा गडी आवडला.

१८३२ साली राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला, पडला. भागीदारीत किराणा दुकान काढले, ते बुडाले. भागीदार मेला आणि त्याचेही कर्ज लिंकनच्या मानेवर आले. सावकाराने कोर्टात जाऊन त्याचा घोडा आणि जमीन मोजणीची साधने जप्त करवली. लिलावात एका शेजाऱ्याने ती विकत घेतली आणि गुपचूप त्याला परत केली. त्या काळी कर्ज बुडवून रातोरात दुसऱ्या मुलखात निघून जाणारे पुष्कळ होते. लिंकन गेला नाही. गावचा पोस्टमास्तर, जमीन मोजणीदार, मजूर अशी मिळतील ती कामे करत त्याने पुढची कितीतरी वर्षे ते कर्ज फेडले.

१८३४ साली तो विधिमंडळावर निवडून आला आणि लागोपाठ चार वेळा निवडून येत राहिला. याच काळात उसन्या पुस्तकांवर कायद्याचा अभ्यास केला. मास्तर नाही, कॉलेज नाही. १८३६ साली वकिलीची सनद मिळाली आणि १८३७ साली तो स्प्रिंगफिल्ड शहरात येऊन वकिली करू लागला. १८४२ साली मेरी टॉड या सधन घरच्या मुलीशी विवाह झाला. चार मुलगे झाले. त्यांतला एडी १८५० साली, चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वारला.

वकील लिंकन आणि गुलामगिरी

१८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी चळवळ्यांचा निषेध करणारा ठराव प्रचंड बहुमताने केला. तेव्हा लिंकन आणि आणखी एक सभासद, अशा दोघांनी लेखी निवेदन देऊन गुलामगिरी ही अन्यायावर उभी आहे असे नोंदवले. वय वर्षे अठ्ठावीस. १८४१ साली एका आगबोटीवर त्यांनी दहा-बारा गुलाम एका साखळीला अडकवून नेताना पाहिले. ते दृश्य आपल्याला सतत छळत राहिले, असे त्यांनी चौदा वर्षांनी मित्राला कळवले.

त्याच १८४१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणीच्या बाजूने निकाल मिळवला. इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच धरला पाहिजे आणि त्याची विक्री होऊ शकत नाही, असे त्यात ठरले. हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण १८४७ साली याच लिंकन यांनी मॅटसन नावाच्या गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले. जेन ब्रायंट ही बाई आणि तिची लेकरे आपल्या मालकीची आहेत, असा त्याचा दावा होता. लिंकन तो खटला हरले, बाई आणि मुले सुटली, हे चांगले झाले. तरी त्यांनी ते वकीलपत्र घेतले होते, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाचे चरित्र म्हणजे पोथी नव्हे.

१८४७ ते १८४९ ते अमेरिकेच्या संसदेत होते. त्यानंतर राजकारणातून जवळजवळ बाजूला झाले. त्यांना परत ओढून आणले ते १८५४ च्या कायद्याने. सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या खटपटीने झालेल्या या कायद्याने कॅन्सास आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरी शिरू द्यायची की नाही हे तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांवर सोडले. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. माणूस असूनही माणसात जमा नाही! हा अनुभव आपल्या वाडवडिलांना काही नवा नव्हता.

१८५८ साली सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांच्यात सात ठिकाणी जाहीर वादविवाद झाले. हजारो लोक बैलगाड्या-घोडागाड्या करून ऐकायला येत. गुलामगिरी ही नैतिकदृष्ट्या वाईट आहे आणि तिचा फैलाव थांबलाच पाहिजे, ही लिंकन यांची बाजू होती. पण याच वादविवादांत, गोऱ्या मतदारांपुढे, आपण काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समतेच्या बाजूचे नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. त्या दिवशी लिंकन हे गुलामगिरीच्या विरोधात होते, समतेच्या बाजूला नव्हते. या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

ती निवडणूक ते हरले. पण नाव देशभर झाले.

राष्ट्राध्यक्षपद आणि यादवी युद्ध

६ नोव्हेंबर १८६० रोजी लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. चार उमेदवारांत त्यांना सुमारे ४० टक्के मते पडली. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर मतपत्रिकेवर त्यांचे नावसुद्धा नव्हते. त्या वर्षीच्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि तिच्यातले जवळजवळ ४० लाख लोक गुलाम होते. कापसाची सारी शेती त्यांच्या पाठीवर उभी. लिंकन यांनी असलेल्या राज्यांतली गुलामगिरी मोडण्याचे वचन दिले नव्हते, फक्त ती पसरू देणार नाही एवढेच म्हटले होते. मालकांना तेवढेही सोसले नाही. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना राज्य फुटून निघाले. ४ मार्च १८६१ रोजी लिंकन यांचा शपथविधी झाला तोवर सात राज्ये बाहेर पडली होती. १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, यादवी सुरू झाली आणि फुटीर राज्यांची संख्या अकरावर गेली.

सुरुवातीला लिंकन यांनी हे युद्ध देश एक ठेवण्यासाठी आहे असेच धरले. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची चार राज्ये सरकारच्या बाजूला राहिली होती, ती हातची जातील अशी भीती. म्हणून फ्रेमाँट या सेनापतीने मिसुरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचा हुकूम काढला, तेव्हा लिंकन यांनी तो रद्द करवला. चळवळीतले लोक संतापले.

पण गुलाम कोणाच्या हुकुमाची वाट बघत बसले नव्हते. १८६१ च्या मे महिन्यात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून निसटून व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर सरकारी फौजेकडे आले. तिथल्या सेनापतीने त्यांना मालकाकडे परत द्यायचे नाकारले. ही बातमी पसरली. मग दहा आले, शंभर आले, बायका-पोरे घेऊन हजारो आले. या लोकांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी आपल्या पायांनी चालत येऊन सरकारच्या दारात आणून ठेवला. संसदेला कायदे करावे लागले. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी रद्द झाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लिंकन यांचा अकरा वर्षांचा लाडका मुलगा विली तापाने वारला. आई दुःखाने खचून गेली. बाप एका बाजूला पोरगा गमावलेला आणि दुसऱ्या बाजूला रोज हजारो घरचे पोरगे मरणाच्या तोंडी देणारा.

मुक्तीचा जाहीरनामा

जुलै १८६२ मध्ये लिंकन यांनी मंत्रिमंडळापुढे जाहीरनाम्याचा मसुदा ठेवला. एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हरणाऱ्याची धडपड वाटेल, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी दिला. लिंकन थांबले. मधल्या काळात, १४ ऑगस्टला, त्यांनी कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ बोलावून घेतले आणि तुम्ही लोकांनी देश सोडून दुसरीकडे वसाहत करावी, असा उपदेश केला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती माती कसली त्यांनाच चालते व्हा म्हणणे! फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून पळून आलेल्या थोर वक्त्याने यावर लिंकन यांना सडकून काढले. पुढे हैतीजवळच्या एका बेटावर शेकडो लोक नेण्यातही आले, त्यांचे फार हाल झाले, आणि उरलेल्यांना १८६४ साली परत आणावे लागले.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिटम येथे लढाई झाली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. शत्रू मागे हटला. पाच दिवसांनी लिंकन यांनी इशारा जाहीर केला आणि १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. फुटीर राज्यांत, सरकारी फौजेच्या ताब्याबाहेरच्या मुलखात जे गुलाम आहेत ते यापुढे स्वतंत्र, आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेतले जाईल, असे त्यात होते.

सरकारच्या बाजूच्या चार राज्यांतले गुलाम यातून वगळले होते. यावरून आजही काही लोक म्हणतात की जिथे हुकूम चालत नव्हता तिथले गुलाम सोडले आणि जिथे चालत होता तिथले ठेवले. टोला खरा आहे, पण अर्धाच. राज्यघटना तेव्हा गुलामगिरीला संरक्षण देत होती. राष्ट्राध्यक्षाला अधिकार होता तो सरसेनापती म्हणून, शत्रूचे बळ तोडण्यापुरता. त्या एका फटीतून जेवढे नेता येईल तेवढे त्यांनी नेले. आणि त्या दिवसापासून फौज जसजशी पुढे सरके तसतशी मुक्ती पुढे सरकू लागली.

मुंबईचा कापूस, मँचेस्टरचे कामगार

या युद्धाची झळ आपल्या मुलखालाही लागली होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईना. मग वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला. १८६५ साली तिकडे युद्ध संपले, इकडे भाव कोसळले आणि पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. गुलामांच्या सुटकेशी मुंबईच्या व्यापाऱ्याचा संबंध आला तो असा!

इंग्लंडातल्या गिरणी कामगारांची गोष्ट मात्र निराळी. कापूस नाही म्हणून गिरण्या बंद, चुली बंद. नाकेबंदी मोडून काढा, अशी ओरड तिथले धनिक करत होते. तरीही १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी त्यांना उत्तर लिहून त्यांच्या त्यागाची थोरवी मान्य केली. उपाशी माणसाने दूरच्या देशातल्या गुलामाची बाजू घ्यावी, याहून मोठी मैत्री कोणती?

काळे सैनिक

सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष सरकारी सैन्यात भरती झाले. आरमारात होते ते निराळे. पण तिथेही भेद होताच. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्याचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असला पगार घ्यायलाच नकार दिला, आणि तशाच बिनपगारी स्थितीत जुलै १८६३ मध्ये वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढवला.

ऑगस्ट १८६३ मध्ये फ्रेडरिक डग्लस हे गाऱ्हाणे घेऊन लिंकन यांना जाऊन भेटले. लिंकन यांनी ऐकून घेतले, पण लगेच काही पदरात टाकले नाही. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. मात्र या भेटीपासून दोघांत आदर निर्माण झाला. पुढच्या वर्षी लिंकन यांनीच डग्लस यांना बोलावून घेतले आणि निवडणुकीत आपला पराभव झाला तर त्याआधी जास्तीत जास्त गुलामांपर्यंत बातमी पोचवून त्यांना बाहेर कसे काढता येईल, याची योजना मागितली. दोन वर्षांपूर्वी देश सोडा म्हणणारा माणूस आता सल्ला विचारत होता. लिंकन यांचा खरा मोठेपणा इथे दिसतो. ते चुकत होते, पण चुकीवर अडून बसत नव्हते. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांचे ऐकता ऐकता ते बदलत गेले.

सहा डिसेंबर

जाहीरनामा हा युद्धकाळातला हुकूम. युद्ध संपल्यावर एखादे न्यायालय तो रद्द ठरवील, ही भीती लिंकन यांना होती. म्हणून घटनेतच दुरुस्ती हवी. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि त्यांनी सगळा जोर लावला. विरोधी पक्षातल्या सभासदांना एकेकटे गाठले, मनधरणी केली, पदांची आमिषेसुद्धा दाखवली गेली. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. पुरेशा राज्यांची संमती मिळून ती घटनेचा भाग झाली तो दिवस ६ डिसेंबर १८६५. ही तारीख वाचताना आपले मन क्षणभर थबकते. योगायोगात आपण काही दैवी शोधत नाही. पण एकदा वाचलेली ही तारीख आपल्या माणसाच्या लक्षातून जाणार नाही, हेही खरे.

ही दुरुस्ती झालेली लिंकन यांना मात्र पाहता आली नाही.

चौदा एप्रिल

४ एप्रिल १८६५ रोजी, फुटीरांची राजधानी रिचमंड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, लिंकन धाकट्या टॅडचा हात धरून त्या शहरात पायी शिरले. टॅडचा तो बारावा वाढदिवस होता. कालपर्यंतच्या गुलामांनी त्यांना गराडा घातला. कोणी रडत होते, कोणी त्यांच्या पायाशी गुडघे टेकत होते. माझ्यापुढे गुडघे टेकू नका, असे त्यांनी त्या लोकांना सांगितल्याची आठवण सोबतच्या आरमारी अधिकाऱ्याने नोंदवली आहे.

९ एप्रिलला शत्रूचा सेनापती ली शरण आला. ११ एप्रिलला लिंकन यांनी केलेल्या भाषणात, शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळावा, असे प्रथमच जाहीरपणे सुचवले. सात वर्षांपूर्वी समता नको म्हणणारा माणूस इथवर आला होता. गर्दीत जॉन विल्क्स बूथ हा नट उभा होता. काळ्यांना मत देण्याची भाषा ऐकून त्याने लिंकनला संपवायचे ठरवले.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन पत्नीसह फोर्ड नाट्यगृहात नाटक पाहायला गेले. बूथने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. समोरच्या घरात त्यांना उचलून नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्यांचा प्राण गेला. वय ५६. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, याच तारखेला, महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला.

गुडघे टेकलेला पुतळा

लिंकन गेल्यावर शार्लट स्कॉट या नुकत्याच मुक्त झालेल्या बाईने आपल्या कमाईतले ५ डॉलर त्यांच्या स्मारकासाठी दिले. तिच्या मागोमाग मुक्त झालेल्या लोकांनी पैसा-पैसा जमवला आणि वॉशिंग्टनमध्ये पुतळा उभा राहिला. १४ एप्रिल १८७६ रोजी, स्मृतिदिनी, त्याचे अनावरण झाले. वक्ते होते फ्रेडरिक डग्लस. राष्ट्राध्यक्ष स्वतः समोर बसलेले असताना त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही. लिंकन हे प्रामुख्याने गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, आम्ही त्यांची सावत्र लेकरे, असे त्यांनी म्हटले. आमच्या घाईने मोजले तर ते सुस्त आणि थंड वाटत, पण त्यांच्या देशाच्या मनाने मोजले तर ते फार वेगाने पुढे गेले, असा न्याय त्यांनी केला.

त्या पुतळ्यात लिंकन उभे आहेत आणि मुक्त झालेला काळा माणूस त्यांच्या पायाशी एका गुडघ्यावर आहे. पैसा मुक्त लोकांचा, पण पुतळ्याची घडण ठरवणारे दुसरेच. डग्लस यांना ते रुचले नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी वर्तमानपत्राला लिहून कळवले की आपल्या माणसाचा गुडघे टेकलेला नव्हे, तर स्वतःच्या पायांवर ताठ उभा असलेला पुतळा आपल्याला मरण्यापूर्वी पाहायचा आहे.

आणि ते ताठ उभे राहणे पुढे किती अवघड गेले! १८६८ साली नागरिकत्व आणि १८७० साली मताचा अधिकार घटनेत आला. पण १८७७ साली सरकारने दक्षिणेतून फौज काढून घेतली आणि जुन्या मालकांचे राज्य परत आले. वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे पाणी. मत द्यायला गेला तर मार, बोलला तर झाडाला फास. तेराव्या दुरुस्तीतच गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीची मजुरी शिल्लक ठेवली होती, तिचा फायदा घेऊन किरकोळ आरोपांवर हजारोंना कैदी करून मळ्यांवर आणि खाणींत राबवले. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये लिंकनचे भव्य स्मारक खुले झाले, त्या समारंभात कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळे बसवण्यात आले. लिंकनच्याच स्मारकापाशी! त्याच पायऱ्यांवर २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले, समोर अडीच लाखांचा समुदाय होता, आणि १९६४ व १९६५ चे कायदे झाले तेव्हा कुठे घटनेतला शब्द जमिनीवर उतरू लागला. शंभर वर्षे लागली.

जोतीरावांची अर्पणपत्रिका

शेवटी एक गोष्ट. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. पुण्यात बसून जोतीरावांची नजर किती दूर पोचली होती! पण आणखी एक बघा. त्यांनी पुस्तक अर्पण केले ते लोकांना. लिंकनला नाही.

चाळीस वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. गुलामगिरी कायद्याने संपून अठ्ठेचाळीस वर्षे झालेला तो देश त्यांनी आतून पाहिला. पुढे आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. आणि तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत.

लिंकनच्या चरित्रातून आपण काय घ्यायचे? एक उपाशी, अडाणी घरचा मुलगा उसन्या पुस्तकांवर किती उंच गेला, हे आपल्या मुलांनी जरूर घ्यावे. सत्तेवरच्या माणसाने ऐकावे, चूक सुधारावी, हेही घ्यावे. पण त्या होडीतून रात्री निसटलेले तिघे, ७ डॉलरचा पगार नाकारणारे शिपाई, ५ डॉलर काढून देणारी शार्लट स्कॉट आणि तोंडावर खरे बोलणारे डग्लस, यांनी लिंकनला लिंकन केले हेही मुलांना सांगा. भिंतीवरच्या चौकटीत ही माणसे नाहीत. ती आपण आपल्या घरात सांगायची आहेत.